आधी भार की आधी उष्णता? औष्णिक चाचण्यांच्या प्रबंधाचं एक वर्ष

बांधकामाचं साहित्य आणि माती यांच्यावर उष्णता व भार एकत्र पडले तर काय होतं, या विषयावरचा माझा पदव्युत्तर प्रबंध मागच्या महिन्यात मंजूर झाला. विषय घेतला तेव्हा सिद्धांतावरचे लेख हवे तेवढे मिळाले. पण नमुना यंत्रात बसवून प्रत्यक्ष तापवायला घेतला की वेळ कुठे जातो, कोणते अर्ज आधी द्यायचे, कशाचा धसका घ्यायचा आणि कशाचा नाही, हे लिहिलेलं कुठे सापडलं नाही. ज्यांनी असाच विषय नुकताच घेतलाय आणि ज्यांच्या सगळं अंगावर येतंय, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

विषय ठरताना

जूनमध्ये गाइड मॅडमकडे गेले तेव्हा माझा ओढा एनर्जी पाइलकडे होता. इमारतीच्या पायात जमिनीत खोलवर घातलेल्या काँक्रीटच्या खांबांमध्ये, म्हणजे पाइलमध्ये, नळ्या घालून त्यांतून पाणी फिरवतात. इमारतीला नको असलेली उष्णता जमिनीत सोडायची, हवी असेल तेव्हा जमिनीतून परत घ्यायची. म्हणजे एकाच पाइलवर इमारतीचं वजनही आणि तापमानाचे चढउतारही. पाइल तापला की लांब व्हायला बघतो, भोवतालची माती आणि वरची इमारत त्याला अडवतात, आणि अडलेलं प्रसरण स्ट्रेस (एकक क्षेत्रावरचा आतला जोर) होऊन पाइलमध्येच राहतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात आणि लंडनच्या लॅम्बेथ कॉलेजमध्ये खऱ्या आकाराच्या पाइलवर हे मोजलेलं आहे.

मॅडम म्हणाल्या, "खरा पाइल आपल्याला मिळणार नाही. साहित्य वेगळं तपास, माती वेगळी तपास, आणि दोन्हींना एकच प्रश्न विचार: आधी भार देऊन मग तापवलं आणि आधी तापवून मग भार दिला, तर उत्तर तेच येतं का?"

पुढचं सगळं वर्ष या एका प्रश्नात गेलं. लवचिक पदार्थाच्या सूत्रात भारामुळे आलेला स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने लांबीत झालेला बदल) आणि उष्णतेमुळे आलेला स्ट्रेन यांची नुसती बेरीज करतात. बेरजेत आधी कोण आणि मग कोण याने काही बिघडत नाही. ज्या ठिकाणी क्रम बदलल्यावर उत्तर बदलतं, तिथे तो पदार्थ त्या सूत्राच्या बाहेर गेलेला असतो. आणि खऱ्या बांधकामातली माती, तापलेलं काँक्रीट, जास्त तापलेलं स्टील हे सगळे कधी ना कधी त्या बाहेरच्या प्रदेशात जातात.

जुलै आणि ऑगस्ट वाचनात गेले. मातीसाठी मी १९६८ चा कॅम्पनेला आणि मिचेल यांचा लेख पायाभूत धरला. संपृक्त, म्हणजे छिद्रं पाण्याने पूर्ण भरलेली, चिकणमाती तापवल्यावर पाणी आणि कण वेगवेगळे किती फुगतात आणि त्यातून काय घडतं, हे त्यात इतकं स्वच्छ मांडलंय की नंतरचं वाचन सोपं जातं. त्यानंतर १९९० च्या सुमाराचं ह्युकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम वाचलं. उष्णतेने मातीची यील्ड सीमाच (जिच्यापुढे माती कायमची बदलते ती मर्यादा) आत सरकते, ही मांडणी तिथे येते. हे प्रश्न कुणाला पडतात हे समजायला मोठ्या भूमिगत प्रयोगांचे अहवाल चाळले. बेल्जियममध्ये मोल इथे सुमारे २२५ मीटर खोलीवर बूम क्ले नावाच्या चिकणमातीच्या थरात प्रॅक्ले नावाचा तापवण्याचा प्रयोग २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. स्वित्झर्लंडमधल्या ग्रिमझेलला फेबेक्स प्रयोगातला बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) १९९७ पासून तापवला गेला आणि शेवटचा हीटर २०१५ मध्ये बंद झाला. अणुकचऱ्यातून निघणारी उष्णता भोवतालची माती वर्षानुवर्षं सोसू शकेल का, हा त्यामागचा प्रश्न. एक चाचणी संपायची वाट बघत बसले की मला हे १८ वर्षं चाललेलं तापवणं आठवायचं आणि धीर यायचा.

वाचताना एक तक्ता केला, त्याचा शेवटपर्यंत उपयोग झाला. प्रत्येक लेखासाठी चार गोष्टी: नमुना कोणत्या भाराखाली होता, आधी कधी त्याहून जास्त भार सोसलेला होता का, तापवण्याचा वेग किती, आणि पाण्याचा निचरा चालू होता की बंद. हे चार रकाने भरले की एकमेकांच्या विरुद्ध वाटणारे निष्कर्ष बरेचसे जुळतात. ज्या लेखात हे चारही सांगितलेले नाहीत, त्यातले आकडे मी तुलनेला घेतले नाहीत.

कागदपत्रं

सप्टेंबर अर्जांत गेला. लॅब वापराचा अर्ज, धोक्याचं मूल्यांकन, भट्टीसाठी वेगळी परवानगी, रात्रभर कुणी नसताना चालणाऱ्या चाचणीसाठी आणखी वेगळी परवानगी, सिलिकॉन तेल आणि केओलिन (चाचणीसाठीची पांढरी चिकणमाती) यांची सुरक्षा-पत्रकं, वापरायच्या प्रत्येक उपकरणाच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राची प्रत. सगळ्या सह्या व्हायला जवळपास तीन आठवडे लागले. हे अर्ज एकापाठोपाठ एक देऊ नका, एकाच दिवशी द्या. प्रत्येकाची साखळी वेगळ्या टेबलावरून जाते.

रात्रीच्या चाचणीच्या अर्जात एक रकाना होता: वीज गेली आणि परत आली तर काय होईल? सुरक्षा समितीचा रोख आगीकडे होता. वीज परत आल्यावर हीटर आपोआप चालू होता कामा नये, यासाठी हाताने रीसेट करायचा रिले बसवावा लागला. पण उत्तर लिहिताना लक्षात आलं की माझ्या विषयासाठी तो रकाना आणखी महत्त्वाचा आहे. तापत असलेला चिकणमातीचा नमुना मधेच थंड झाला तर त्याने एक तापणं-निवणं अनुभवलेलं असतं, आणि पुन्हा तापवल्यावर तो पहिल्यासारखा वागत नाही. म्हणून अर्जातच नियम लिहून टाकला: तापवण्याच्या टप्प्यात वीज गेली तर तो नमुना बाद, डेटा लॉगर मात्र यूपीएसवर, म्हणजे नेमकं काय आणि कधी झालं ते कळेल. पुढे एकदा खरंच वीज गेली. नियम आधीच लिहिलेला असल्यामुळे नमुना टाकून देताना घालमेल झाली नाही.

खर्चाबद्दल: माती आणि स्टील यांचा खर्च नगण्य असतो. पैसे जातात लोड सेल (जोर मोजणारं उपकरण) आणि तापमापकांच्या कॅलिब्रेशनवर, उष्णता सोसणाऱ्या ओ-रिंग आणि नळ्यांवर, आणि भट्टीच्या तासांवर. प्रस्तावात कॅलिब्रेशनचा रकाना स्वतंत्र ठेवा, 'किरकोळ' मध्ये घालू नका. किरकोळ खर्चाची मर्यादा पहिल्याच फेरीत संपते.

नमुन्याशिवायची चाचणी

ऑक्टोबरमध्ये यंत्र मिळालं. तापवता येणारा ओडोमीटर होता: पोलादी कड्यात २० मिलिमीटर जाडीचा मातीचा गोल नमुना, वर-खाली पोरस स्टोन (पाणी जाऊ देणाऱ्या सच्छिद्र चकत्या), भोवती पाण्याचं भांडं, त्यात हीटरची गुंडाळी, आणि वरून तरफेने भार. मॅडमनी सांगितलं होतं की पहिला महिना मातीला हात लावायचा नाही. आधी यंत्र स्वतः किती हलतं ते मोजायचं.

हा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण या विषयातली खरी अडचण इथेच आहे. आपल्याला मोजायचा असतो एक दशांश टक्क्याच्या आसपासचा स्ट्रेन. २० मिलिमीटरच्या नमुन्यात तो होतो २० मायक्रॉन. आता पोलादाचं प्रसरण बघा: एका अंशाला लांबीच्या दहा लाखात साधारण १२ भाग. भार पोचवणारा पोलादी दांडा १०० मिलिमीटर लांब असेल आणि तो ३० अंशांनी तापला, तर ३६ मायक्रॉन लांब होतो. म्हणजे मातीची हालचाल २० आणि यंत्राची ३६. दोन्हींची दिशा विरुद्ध असेल तर आलेखावर माती फुगताना दिसते आणि प्रत्यक्षात ती बसत असते.

उपाय दोन. पहिला, मातीच्या जागी प्रसरण माहीत असलेली धातूची चकती ठेवायची आणि सगळे भाराचे व तापमानाचे टप्पे जसेच्या तसे चालवायचे. जे दिसेल त्यातून चकतीचं स्वतःचं प्रसरण वजा केलं की उरतं ते यंत्राचं. दुसरा उपाय, मोजणीच्या वाटेवरचा दांडा इन्व्हारचा वापरायचा. लोखंड आणि निकेलचा हा मिश्रधातू शार्ल एद्वार गियोम यांनी १८९६ मध्ये शोधला, आणि १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. त्याचं प्रसरण पोलादाच्या दहाव्या भागाइतकं, त्यामुळे तेच ३६ मायक्रॉन साधारण साडेतीनवर येतात. आमच्या लॅबमध्ये इन्व्हारचा एक दांडा पडून होता. तुमच्याही लॅबच्या कपाटात असू शकेल. जुन्या तंत्रज्ञांना विचारा, साहित्याच्या यादीत तो बहुतेक नसतो.

चकतीची चाचणी प्रत्येक भारासाठी वेगळी करावी लागते, कारण पोरस स्टोन आणि सांध्यांची बसण भाराप्रमाणे बदलते. शिवाय तापवताना आणि निवताना दोन्हीकडे करा. दोन्ही वाटा तंतोतंत जुळत नाहीत. एलव्हीडीटी (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) गरम भांड्याच्या वर असेल तर वाफेने आणि उष्णतेने त्याचं वाचन स्वतःच सरकतं. तो बाजूला घेऊन मधे पातळ आडोसा लावला की हे पुष्कळ कमी होतं. तापमानासाठी मी प्लॅटिनमचा पीटी-१०० तापमापक वापरला. के-प्रकारचा थर्मोकपल भट्टीत उत्तम, पण त्याची सामान्य सहनशीलता अधिक-उणे २.२ अंश आहे. पाच-पाच अंशांचे टप्पे घेणाऱ्या मातीच्या चाचणीत ती चालत नाही.

आणि पाणी. ६० अंशांना भांड्यातलं पाणी सतत उडत असतं. वर झाकण आणि पातळी राखणारी बाटली लावा, नाहीतर सकाळी नमुन्याची कड कोरडी सापडते.

स्टील, सोल्डर आणि काँक्रीट

मातीचा नमुना तयार होत असताना समांतर भट्टीचं काम चालू ठेवलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिली चाचणी स्टीलच्या सळईची: दोन्ही टोकं घट्ट धरून तापवायची आणि लोड सेलवर किती जोर येतो ते बघायचं. हिशोब कागदावर आधीच होता. लवचिकता गुणांक २०० गिगापास्कल, गुणिले प्रसरणाचा गुणांक, गुणिले ५० अंश: १२० मेगापास्कल. सळई लांब असो की आखूड, हा आकडा तोच. प्रत्यक्षात माझ्याकडे तो बराच कमी आला, कारण चौकटही थोडी ताणली जाते. 'पूर्ण अडवलेलं' असं खऱ्या जगात काही नसतं हे त्या आकड्याने दाखवलं, आणि पाइलच्या बाबतीतही प्रश्न हाच असतो की माती त्याला किती अडवते. या चाचणीत क्रमाने काही फरक पडला नाही. आधी ओढून मग तापवली किंवा उलट केलं, तरी लवचिक मर्यादेत उत्तर एकच येत होतं.

मर्यादेबाहेरचं चित्र वेगळं. युरोकोड ३ (स्टीलच्या बांधकामाचं युरोपीय मानक) च्या आगीसाठीच्या भागात साध्या बांधकाम स्टीलची यील्ड क्षमता ४०० अंशांपर्यंत पूर्ण धरली आहे. ५०० अंशांना ती ७८ टक्के, ६०० ला ४७ आणि ७०० ला २३ टक्के. ताठपणा मात्र त्याआधीच घटायला लागतो: ४०० अंशांना ७० टक्के, ६०० ला ३१. हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा. क्षमता शाबूत असताना वाकणं वाढलेलं असतं, आणि बारीक खांब तुटण्याआधी बाक येऊन निकामी होतो.

क्रीप समजून घ्यायला मॅडमनी सोल्डरची तार टांगायला लावली. धातूचा वितळणबिंदू केल्व्हिनमध्ये घ्यायचा. त्याच्या साधारण ०.४ पटीच्या वर गेलं की स्थिर भाराखालीही तो हळूहळू लांबत जातो. स्टीलसाठी ही सीमा ४५० सेल्सिअसच्या आसपास येते. शिसे-कथिलाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं, म्हणजे ४५६ केल्व्हिन. खोलीतले २९३ केल्व्हिन त्याच्या ०.६४ पट झाले. म्हणजे टेबलावर पडलेलं सोल्डर हे क्रीपच्या दृष्टीने खूप तापलेलं धातूच आहे, भट्टीची गरजच नाही. तारेला वजन लावलं की आधी झपाट्याने लांबते, मग बराच काळ एका वेगाने, आणि शेवटी पुन्हा वेग घेऊन एका जागी बारीक होऊन तुटते. थोडं जास्त वजन लावलं की तुटण्याचा वेळ फार कमी होतो, कारण वेग स्ट्रेसच्या घातावर चालतो. घातांक ५ असेल तर दुप्पट स्ट्रेसला वेग ३२ पट. ज्यांच्याकडे भट्टीचे तास नाहीत त्यांनी ही चाचणी जरूर करावी. शिसं आहे, हातमोजे घाला.

काँक्रीटमध्ये क्रमाचं उत्तर पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. एक सिलिंडर रिकामा तापवला, तो फुगला. दुसऱ्यावर आधी भार ठेवला आणि मग तापवला, तो जवळजवळ फुगलाच नाही. तिसरा आधी तापवला आणि मग त्याच भाराखाली आणला. भाराने जेवढा दबायला हवा तेवढाच दबला. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं तापमान तेच, भार तोच, तरी शेवटची लांबी वेगळी. भाराखाली पहिल्यांदा तापताना काँक्रीटमध्ये एक जास्तीचा दबणारा स्ट्रेन येतो. १९७६ मध्ये स्वीडनमधल्या अँडरबर्ग आणि थेलँडरसन यांनी आणि १९८५ मध्ये खुरी व सहकाऱ्यांनी त्याचा तपशील मांडला. तो पहिल्याच तापण्यात येतो. थंड करून पुन्हा तेवढंच तापवलं तर परत येत नाही. हे वाचलेलं होतं, तरी दोन आलेख एकावर एक ठेवले तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

काँक्रीट तापवणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळा. वेग मिनिटाला एखाद्या अंशाच्या वर नेऊ नका. बाहेरचा भाग तापलेला आणि गाभा थंड असेल तर आपण साहित्याऐवजी त्या फरकाचे तडे मोजतो. आणि ओलं, घट्ट काँक्रीट आतल्या वाफेच्या दाबाने फुटू शकतं. जाळीचं कवच आणि डोळ्यांवर चष्मा हे फक्त अर्जात लिहायचे नसतात.

माती

जानेवारी ते एप्रिल मातीचे. केओलिनची भुकटी द्रवसीमेच्या (पाण्याच्या ज्या प्रमाणाला माती द्रवासारखी वागायला लागते त्याच्या) जवळपास दुप्पट पाण्यात कालवून, निर्वात करून, मोठ्या नळकांड्यात हळूहळू दाबून घट्ट करायची. यात दोन-तीन आठवडे सहज जातात आणि ते कमी करता येत नाहीत. एका वड्यातून शक्य तेवढे सगळे नमुने कापा, म्हणजे निदान त्यांचा जन्म एकसारखा राहतो. कोरडी भुकटी हाताळताना मास्क लावा.

दाबण्याची पद्धत नेहमीची: भार प्रत्येक वेळी दुप्पट, ५०, १००, २००, ४०० किलोपास्कल, प्रत्येक टप्पा २४ तास. तेर्झागींनी १९२० च्या दशकात मांडलेला कन्सॉलिडेशनचा सिद्धांत सांगतो की भार आधी पाण्यावर येतो आणि पाणी निघून जाईल तसा कणांवर. लागणारा वेळ पाण्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असतो. मी तळाचा निचरा बंद करून तिथे पाण्याचा दाब मोजत होते, त्यामुळे पाण्याला एकच वाट उरली आणि वेळ चौपट झाला. पण तळाचा तो दाब हाती नसता तर तापवण्याचा वेग ठरवायला काहीच आधार नव्हता.

त्याचं कारण असं. २० अंशांना पाण्याचं आकारमान एका अंशामागे दहा लाखात सुमारे २०० भाग वाढतं, ६० अंशांना ५०० च्या वर. खनिज कणांचं तेच प्रमाण ३० ते ३५ च्या आसपास. म्हणजे तापताना पाण्याला जागा पुरत नाही. त्याला निघून जायला वेळ दिला नाही तर दाब वाढतो, कणांमधला परिणामी स्ट्रेस घटतो, आणि बाहेरून भार तसाच असताना माती कमकुवत होते. म्हणून पाच अंश वाढवायचे आणि तळाचा दाब मूळ जागी येईपर्यंत थांबायचं. पुढच्या टप्प्यांना थांबणं कमी होत जातं, कारण गरम पाणी पातळ होतं: २० अंशांना पाण्याची चिकटी १ मिलिपास्कल-सेकंद, ६० ला ०.४७. तेच पाणी त्याच छिद्रांतून दुपटीहून थोड्या जास्त वेगाने जातं.

पहिला नमुना २०० किलोपास्कलखाली होता आणि त्याने त्याहून जास्त भार कधी सोसलेला नव्हता. तापमान वाढायला लागलं आणि तो बसायला लागला. पाणी फुगतंय, कण फुगतायत, पोलाद फुगतंय, आणि मातीची उंची मात्र कमी होतेय. यंत्राची स्वतःची हालचाल वजा केल्यावर बसणं आणखी ठळक झालं. त्या संध्याकाळी मी चकतीचे सगळे आकडे पुन्हा तपासले, दुसऱ्या नमुन्यावर तेच केलं, आणि तेच दिसलं. मग निवू दिलं. तो मूळ उंचीवर परत आला नाही. पुन्हा तेवढंच तापवलं, तर या वेळी नवीन बसणं अगदी थोडं.

दुसरा प्रकार: नमुना ४०० पर्यंत दाबला, मग भार काढत ५० वर आणला, आणि मग तापवला. तो फुगला, आणि निवल्यावर जवळजवळ होता तिथे आला, अगदी साध्या घन पदार्थासारखा. माती तीच, तापमान तेच. फरक एवढाच की याने पूर्वी आठपट भार पाहिलेला होता. पहिल्या प्रकारात कणांची रचना तोलून-मापून उभी असते, थोडी उष्णता मिळाली तरी कणांचे संपर्क सरकतात आणि रचना घट्ट होते. दुसऱ्यात ती आधीच घट्ट झालेली असते, सरकायला वाव नसतो. मधल्या प्रमाणांत आधी फुगणं आणि मग बसणं असं मिश्र वागणं दिसतं. वाचनाच्या तक्त्यातला 'आधी कधी जास्त भार सोसलेला का' हा रकाना किती मोलाचा आहे, ते इथे कळलं.

मग क्रमाचा प्रश्न. आधी ६० अंशांना तापवून मग भार वाढवत नेला, तर माती ज्या भाराला जोरात बसायला लागते तो भार २० अंशांच्या मानाने कमी आला. त्यानंतरच्या रेषेचा उतार मात्र फारसा बदलला नाही. उलट, दाबून, तापवून, निववून मग पुन्हा भार वाढवला, तर काही काळ ती जास्त ताठ वागली, जणू तिने त्याहून मोठा भार आधीच पाहिला होता. उष्णतेने केलेलं घट्टपण भाराने केलेल्या घट्टपणाची जागा घेऊ शकतं.

सगळ्यात कंटाळवाणा भाग वाट बघण्याचा. एक पूर्ण चाचणी दोन ते तीन आठवडे चालते आणि मधे घाई करून काही साधत नाही. त्या वेळात मी आदल्या चाचणीच्या आकड्यांची दुरुस्ती आणि आलेख पुरे करायचे. आकडे साठवून शेवटी बसायचं ठरवलं असतं तर चकतीची एखादी जास्तीची फेरी हवी आहे हे कळेपर्यंत यंत्र दुसऱ्याकडे गेलं असतं.

लेखन आणि तोंडी परीक्षा

मे महिन्यात लिखाण, जूनमध्ये जमा. साहित्यचोरी तपासणीचा अहवाल, लॅबचं साहित्य परत केल्याचा दाखला, कच्च्या माहितीची प्रत आणि गाइडची संमती एवढं सोबत जोडावं लागलं. साहित्य परत करण्याच्या दाखल्याला आठवडा गेला, कारण इन्व्हारचा दांडा कुठल्याच यादीत नव्हता आणि तो आधी नोंदवून मग परत घ्यावा लागला. परीक्षकांचं उत्तर यायला साधारण दोन महिने लागले.

तोंडी परीक्षेत मला सर्वांत जास्त विचारलं गेलं ते यंत्राची हालचाल आकड्यांतून वजा करण्याबद्दल. मातीचं बसणं सांगता ते यंत्राचं कशावरून नाही? चकतीचे आलेख तापताना-निवताना वेगळे दाखवलेले होते, त्यामुळे उत्तर हातात होतं. दुसरा प्रश्न: केओलिनवरून दुसऱ्या मातीबद्दल किती बोलता येईल? मी सांगितलं, दिशेबद्दल बोलता येईल, आकड्यांबद्दल नाही. केओलिनमध्ये स्मेक्टाइटसारखं पाणी घेऊन फुगणारं खनिज नाही, आणि बेंटोनाइटच्या कणांभोवतीच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. एवढ्यावर ते थांबले. तिसरा प्रश्न कड्याबद्दल होता: कडं स्वतः तापून रुंदावतं, मग आडवा स्ट्रेन शून्य कसा धरता? तो शून्य नसतो. त्याची वरची मर्यादा मी परिशिष्टात काढून दिली होती आणि ती उभ्या स्ट्रेनच्या मानाने लहान होती. हा हिशोब तुमच्या प्रबंधातही घाला, विचारला जातोच.

दुरुस्त्या दोन सुचवल्या. प्रत्येक चाचणीच्या आलेखाखाली खोलीचं तापमानही त्याच कालरेषेवर द्या, आणि दुरुस्ती केलेल्या आकड्यांसोबत मूळ, हात न लावलेले आकडे वेगळ्या फाइलमध्ये जोडा. खोलीच्या तापमानाची नोंद लॉगरमध्ये होतीच, फक्त छापलेली नव्हती. छापल्यावर रात्री-दिवसाची लहानशी लहर २० अंशांना घेतलेल्या टप्प्यांतही दिसली आणि तिथली त्रुटीची पट्टी थोडी रुंद करावी लागली. मूळ आकडे आता लॅबमध्येच आहेत. त्याच यंत्रावर पुढचा विद्यार्थी तापणं-निवणं अनेकदा करून बघणार आहे, आणि चकतीच्या चाचण्या तो नव्याने करणार आहे, कारण मधल्या काळात पोरस स्टोन बदलले गेलेत.